दोनशे बारा हाफ पोर्शन

“मावशी, पालक कॅन्सल. दूधही कॅन्सल. सगळं टिनमधलं आणि पावडरचं,” मंदार म्हणाला आणि त्याने शीट माझ्यापुढे सरकवलं.

अमेरिकेत, हर्नडनमधल्या एका ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये आम्ही बसलो होतो. मंदार नागपूरचा, आयटी सोडून केटरिंगमध्ये पडलेला. किचन त्याचं, पण हेडकुक मी, आणि फूड सेफ्टीचं सर्टिफिकेट माझ्या नावावर. त्यानेच तीन महिने तोंडी घोकून घेतलं तेव्हा ते मिळालं. त्यामुळे मोठ्या ऑर्डरच्या कागदावर माझी सही लागते. इंग्रजी मला फार वाचता येत नाही. मेनू, आकडे आणि जेवणाच्या वेळा येतात. मीटिंगमध्ये मी एरवी तोंड उघडत नाही.

समोर त्या ऑफिसचा मॅनेजर ग्रेग होता, आणि त्याची प्लॅनर रिया. रियाचे आईवडील पुण्याचे, ती इथेच जन्मलेली.

काम असं होतं. अणुबॉम्बच्या चाचण्या पुन्हा सुरू करायच्या, त्याही जमिनीखाली नाही, उघड्यावर, असं ठरलंच तर काय काय लागेल त्याचा आराखडा. रस्ते, तंबू, पाणी, बस, जेवण. पश्चिमेकडच्या वाळवंटात मोठा कॅम्प. जेवणाचा भाग आमच्याकडे येणार होता.

“फक्त पेपरवर आहे यार मावशी,” मंदार गाडीत म्हणाला होता. “होणार थोडीच आहे!”

शीटमध्ये ‘होल्ड डे’ नावाचा रकाना होता. वारा बरोबर नसला की सगळे थांबतात, तो होल्ड डे. असे सहा दिवस धरले होते. मी ते आठ करायला सांगितले. थांबलेली माणसं जास्त खातात, हे मला लग्नघरांमधून माहीत आहे.

“दूध का नको?” मी रियाला विचारलं.

“काकू, गाई बाहेरचं गवत खातात ना. गवतावर स्फोटाची धूळ बसते. मग ती दुधात येते.” ती थांबली. “पालक, सेम थिंग.”

पुढे नकाशा होता. एका ठिपक्यापासून निघालेला लांबट आकार, दुधी भोपळ्यासारखा. ग्रेग त्याला ‘प्लूम’ म्हणाला. स्फोटानंतरची धूळ वाऱ्याबरोबर जिथवर जाईल तो पट्टा. वारा ऐन वेळी फिरला तर तो कुठे पडेल, तेही तुटक रेषेने काढलं होतं. त्या तुटक रेषेच्या आत एक छोटं गाव होतं.

“आणि इथे तुमचं बॅकअप किचन,” ग्रेगने गावातल्या शाळेवर बोट ठेवलं. “ग्रेट किचन. बिग फ्रीझर्स.”

आमच्याकडे गावजेवणाला चुलीचा चर खणण्याआधी सासूबाई चिमूटभर राख हातातून सोडायच्या. राख जिकडे जाईल तिकडे चूल, उलट बाजूला पंगत. म्हणजे धूर कुणाच्या पानावर येत नाही. हाताला ती सवय राहिली आहे. टेबलावर मिठाची पुडी होती. मी ती फोडून ठिपक्यावर चिमूट सोडली. एसीच्या झोताने मीठ पसरत पसरत थेट त्या शाळेवर गेलं.

ग्रेगने तळहाताने मीठ पुसलं आणि तळहाताकडे बघत राहिला.

“चूल धुरातच मांडलीय,” मी मंदारला म्हटलं. “सांग त्यांना.”

मंदारने सांगितलं. ग्रेगने कुठेतरी फोन लावला आणि दहा मिनिटांत बॅकअप किचन पट्ट्याबाहेरच्या दुसऱ्या गावात हललं.

“गुड कॅच, मॅम,” तो म्हणाला.

मग मी त्या नव्या किचनसाठी बदललेलं शीट पाहिलं. त्यात दोनशे बारा हाफ पोर्शन होते. हाफ पोर्शन म्हणजे लहान मुलांचं ताट. त्यांचं पहिलं जेवण होतं लंच. वर कॅम्पच्या शीटमध्ये सगळ्यांचा नाश्ता पहाटे चारला होता, स्फोटाच्या आधी.

मी दोनदा वाचलं.

“रिया, ही मुलं त्या शाळेतली?”

“हो. वारा फिरला तर त्यांना बसने या दुसऱ्या गावात आणणार.”

“कधी?”

“आफ्टर.”

“मग नाश्ता कुठे करणार?”

तिने शीटकडे पाहिलं. हे शीट तिनेच केलं होतं. “घरी,” ती हळूच म्हणाली.

मी पेन घेतलं. हाफ पोर्शनच्या ओळीत आदल्या दिवशीचं डिनर लिहिलं, दोनशे बारा. त्याखाली ब्रेकफास्ट, दोनशे बारा. आमच्या धंद्यात ताट जिथे, माणूस तिथे. ताट आदल्या संध्याकाळचं असेल, तर बसही आदल्या दिवशीची लागते.

ग्रेगलाही ते लगेच कळलं. “नो, नो. आधी हलवलं तर का हलवलं ते सांगावं लागेल. दॅट्स नॉट अवर कॉल.”

“हे ठेवा, मग सही करते,” मी म्हटलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की मंदारला पुन्हा इंग्रजीत सांगावं लागलं.

“मावशी, एवढं मोठं काम हातचं घालवाल का? नुसता कागद आहे!” तो म्हणाला.

“कागदावर तरी जेवू दे की त्यांना.”

ग्रेग म्हणाला, वर विचारून कळवतो.

तीन आठवड्यांनी रिया दुपारी किचनवर आली, आईसाठी पुरणपोळ्या न्यायला. काम दुसऱ्या केटररला गेलं होतं, ते आम्हाला माहीत होतं.

“काकू, तुमचे आठ होल्ड डे ठेवले,” ती म्हणाली. “किचनपण दुसऱ्या गावातच आहे.”

“आणि नाश्ता?”

तिने नकारार्थी मान हलवली. “दे स्टार्ट ॲट लंच.”

मी पोळ्या बांधून दिल्या. ती गेली तेव्हा शेजारच्या शाळेची पिवळी बस सिग्नलला उभी होती. मी नकळत खिडक्यांतली डोकी मोजायला लागले, मग सोडून दिलं.

आता कुठल्याही मोठ्या ऑर्डरचं शीट आलं की मी मेनू नंतर बघते. आधी बघते, कुणाचं पहिलं जेवण कधी आहे. कोण केव्हा कुठे असायचं ठरलंय, ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. चूल हलवायला त्यांना दहा मिनिटं लागली होती.