खांद्याला खांदा

तिचं खरं नाव कागदपत्रांपुरतं उरलं होतं. घरात, गल्लीत, कामावर सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. हे नाव वडिलांनी ठेवलं होतं. चालायला लागली तेव्हापासून ही पोर एका जागी बसून जेवली तर आई आधी कपाळाला हात लावून ताप बघायची. पन्नाशी आली, केस पांढरे झाले, पण पाय काही थाऱ्यावर आले नाहीत. बेकरीत पाव भाजून झाले, सिनेमाच्या खिडकीवर तिकिटं फाडून झाली, कापडाच्या दुकानात मोजपट्टी घेऊन उभं राहून झालं. लग्नही केलं होतं. नवऱ्याशी पटलं नाही असं नव्हे, एकाच घराशी तिचं पटलं नाही. दोघं भांडण न करता वेगळी झाली आणि भेटली की अजूनही एकमेकांची चौकशी करतात. हल्ली ती स्कूटरवरून पार्सलं पोचवायची. दिवसभर दारं, जिने, बेल आणि सही. एवढं काम तिला मानवलं होतं, कारण त्यात कुठेच थांबावं लागत नव्हतं.

तिचा मोठा भाऊ, दादा, म्हणजे अगदी दुसरं टोक. एकदा बसला की उठायचं विसरणारा माणूस. घरामागे पत्र्याची शेड होती, तिथे वडील सुऱ्या करायचे आणि त्यांच्यामागे दादा करू लागला. खाटीक, आचारी, चांभार, बागकाम करणारे, सगळे त्याच्याकडे येत. लहानपणी वडिलांनी दोघांनाही पाती घासायच्या मशीनवर उभं केलं होतं. पात्याची उजवी बाजू भिंगरी दादाच्या तोडीस तोड घासायची. डावी बाजू घासताना मात्र मुठीकडचं टोक डाव्या हातात येतं, आणि तिथे तिचा धीर सुटायचा. "उजवी बाजू शुद्धीवर, डावी दारू पिऊन पडलेली," असं वडील गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे आणि गिऱ्हाइकं हसायची. एक दिवस तिने हातातली लोखंडाची पट्टी कोपऱ्यात भिरकावली आणि ती शेडमधून बाहेर पडली. त्यानंतर शेडमध्ये ती फक्त चहाला बोलवायला जायची.

एका सकाळी वहिनी भाजी निवडत होती. शेडमधलं मशीन चालू होतं. पातं टेकलं की त्या मशीनचा आवाज जड होतो आणि उचललं की मोकळा. संसार केलेल्या बाईला ते न बघताही कळतं. आवाज बराच वेळ मोकळाच येत राहिला, तशी वहिनी उठली. मशीनचा खरखरीत पट्टा रिकामा फिरत होता आणि दादा खाली जमिनीवर, पाठीला भिंत लावून बसल्यासारखा पडला होता. त्याच्या तोंडाची एक बाजू ओघळली होती.

दवाखान्यात भिंगरीने बाकावर बूड टेकलं असेल तर शपथ. औषधांच्या दुकानात जा, वर ये, नर्सला विचार, परत खाली जा. वहिनी शेवटी म्हणाली, "वन्सं, जरा बसा हो. तुम्हाला बघून मलाच गरगरतंय." डॉक्टरांनी सांगितलं की जिवाला धोका टळलाय, उजवा हात किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही. बोलणंही हळूहळू सुधारेल. भिंगरीने विचारलं, "हळूहळू म्हणजे कधी?" डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले होते.

दादा घरी आला. खिडकीशी खुर्ची टाकली, हातात काठी आली. भिंगरी रोज कामाच्या आधी येऊ लागली, पण आल्यावर करायचं काय हे तिला कळेना. वहिनीच्या हाताखाली ती लुडबुड करी, भांडी दोनदा पुसी. मग तिने शेड झाडायला काढली, आणि तिथे मशीनच्या पायाशी, लोखंडाच्या काळ्या भुशात तिला ते पातं सापडलं.

लांबट, स्वयंपाकाच्या सुरीचं पातं होतं. तापवून, पाणी देऊन कडक केलेलं, पण धार अजून लावलेली नव्हती. तिने फडक्याने पुसून उजेडात धरलं. उजवी बाजू अशी उतरत गेली होती की नजर टोकापर्यंत अडत नव्हती. पात्याचा हा उतार मुठीजवळ येऊन जिथे एकदम थांबतो आणि सपाट भाग सुरू होतो, त्या छोट्या वळणाला त्यांच्या घरात खांदा म्हणत. दोन्ही बाजूंचे खांदे एका रेषेत बसले तरच पातं सरळ दिसतं आणि सरळ चालतं. एक पुढे, एक मागे गेला, की सुरी बिघडली. दादाचा खांदा स्वच्छ, गोल, नखाने कोरल्यासारखा होता. तिने पातं उलटलं. डावी बाजू कोरी होती. दादा पडला तो इथेच, एक बाजू करून.

ते पातं कोणासाठी होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. दादाची एकुलती एक लेक आचारीण झाली होती आणि परमुलखातल्या मोठ्या हॉटेलात तिला नोकरी लागली होती. महिनाअखेरीला ती निघणार होती. बापाने केलेली सुरी बरोबर न्यायची, असं केव्हाचं ठरलं होतं.

त्या दिवशी पार्सलं वाटताना भिंगरीने दोन घरांची पाकिटं अदलाबदल केली. डोक्यात ती कोरी बाजू घोळत होती. संध्याकाळी ती सरळ दादापुढे उभी राहिली.

"दादा, ते पातं मी पुरं करते."

दादाने मान हलवली. "नको."

"का नको?"

"तुझी... डावी..."

"दारू प्यायलेली. माहीत आहे. बाबा गेले तरी ते काही सुटलं नाही."

लेक तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "आत्या, कशाला त्रास घेतेस? तिथे चांगल्या मिळतात. मी विकतची घेईन ना."

पोरीने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण दादाचा चेहरा असा उतरला की भिंगरीला तिथे थांबवेना. ती शेडमध्ये गेली आणि भंगारातल्या पट्ट्या गोळा करू लागली. थोड्या वेळाने मागे काठीचा आवाज आला. वहिनीचा आधार घेत दादा शेडच्या दारात आला होता. त्याने काठीने कोपरा दाखवला. वहिनीने तिथे खुर्ची आणून ठेवली.

असा सराव सुरू झाला. पट्टी मशीनच्या पट्ट्याला टेकवायची ती खांद्यापाशी, तिथे बेताने दाब द्यायचा आणि मग एका श्वासात टोकापर्यंत ओढून न्यायची. ओढायची म्हणजे हाताने नाही. कोपरं बरगड्यांना चिकटवून अख्खं अंग गुडघ्यातून झुलवायचं. हात हलला की उतार लाटेसारखा होतो. दोन ओढींच्या मध्ये पातं पाण्याच्या बादलीत बुडवायचं, नाहीतर ते तापून निळं पडतं आणि दिलेलं पाणी उतरून पातं मऊ होतं. हे सगळं भिंगरीला पाठ होतं. पाठ असणं आणि हातात असणं यात जेवढं अंतर असतं तेवढं तिच्या डाव्या बाजूला होतं. दर ओढीनंतर ती शेडला चक्कर मारी, खिडकी उघडी, खिडकी लावी, घाम पुशी, परत उभी राही.

"कोपर!" दादा ओरडे. आजारानंतर त्याच्या तोंडून स्पष्ट निघणारे शब्द मोजकेच होते, आणि त्यातला हा त्याने मनसोक्त वापरला. कोपर सुटलं की काठी जमिनीवर आपटे. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडे, "अहो, फरशी फुटेल!"

"फरशी फुटू दे, माझं डोकं फोडतोय तो," भिंगरी म्हणे.

पट्ट्या वाया गेल्या. कुठे खांदा पुढे, कुठे मागे, कुठे मधेच खड्डा. कामावरून फोन येत, मुकादम चिडे, ती त्याला काहीबाही सांगून वेळ मारून नेई. रात्री खोलीवर गेली तरी उशी या बाजूला, त्या बाजूला. गुडघ्यातून झुलायची अशी सवय लागली की सिग्नलला स्कूटरवर बसूनही ती डुलत राही. शेवटी एक दिवस लागोपाठ काही पट्ट्या बऱ्या उतरल्या आणि काठी वाजली नाही. दादाने डाव्या हाताने फळीवरचं खरं पातं दाखवलं.

तिने कोऱ्या बाजूवर काळं मार्कर फासलं, म्हणजे पट्टा कुठे लागतोय ते कळावं. खांद्याची रेघ काढली. मशीन सुरू केलं. पहिली ओढ, दुसरी ओढ. काळं जिथे जायला हवं तिथेच जात होतं. बादली, पातं, श्वास. तिच्या मनात त्या वेळी काहीच नव्हतं, आणि तिच्या मनात काहीच नसणं ही तिच्यासाठी फार नवी गोष्ट होती. उतार खाली सरकत धारेजवळ आला. खांदा रेघेला येऊन टेकला. झालं होतं. तिने पातं उजेडात धरलं. दादाने खुर्चीतून मान डोलावली.

तिथे थांबायचं होतं. पण थांबणं तिच्या स्वभावात कुठलं? खांद्यापाशी एक पुसटसा ओरखडा दिसला. एकच शेवटचा हात, असं म्हणून तिने पातं परत टेकवलं. पट्ट्याच्या कडेने खस्सकन रेघ ओलांडली आणि मुठीच्या अंगाला खाल्लं.

तिने मशीन बंद केलं. पट्टा हळूहळू थांबला. पातं उलटसुलट करून बघायची गरजच नव्हती. दादाचा खांदा पुढे, तिचा मागे. कमी केलेलं लोखंड परत लावता येत नाही.

दादाने काठी आपटली नाही, आणि तेच तिला सोसवेना. पातं तिने त्याच्या मांडीवर ठेवलं, बाहेर आली, स्कूटरला किक मारली. गाव पालथं घातलं. बाजार, पूल, गोदामं, पुन्हा पूल. वाटेत स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की शेजारून जाणारा सायकलवाला दचकला. वडील गेले होते, पण ते गिऱ्हाइकांचं हसू तिच्या कानात जसंच्या तसं होतं. घरी जाऊ नये असं वाटलं, आणि दुसरीकडे कुठेच जावंसं वाटेना. शेवटी पेट्रोलचा काटा खाली आला तेव्हा ती परतली.

दादा तिथेच होता. पातं डाव्या हातात धरून अंगठा कधी या खांद्यावर, कधी त्या खांद्यावर फिरवत होता.

"माझी घास," तो म्हणाला.

"काय?"

"माझी बाजू. मागे ने. तुझ्याजवळ."

"वेडा झालास का? तुझी बाजू मी घासू?" तिचा आवाज चढला. "ती तू केलेली आहे, दादा! आता तू परत..." पुढचं तिने गिळलं.

ते दादानेच पुरं केलं. एकेक शब्द जड पोत्यासारखा ओढत. "केली तर... करीन परत. नाही तर... नाही. सुरी तिला द्यायचीय. माझी बाजू नाही."

वहिनी दारात उभी होती. तिने पदराने डोळे टिपले आणि लगेच म्हणाली, "वन्सं, आता पुरे करा ते. पोरीची बॅग भरायची राहिलीय."

भिंगरीने पातं घेतलं. दादाच्या त्या गोल, स्वच्छ खांद्यावर तिने मार्कर फासलं आणि आपल्या खांद्याशी जुळती नवी रेघ काढली. मशीन सुरू झालं. पण पातं टेकवायचा धीर होईना. नुसती उभी राहिली. एवढ्यात मागे खुर्ची करकरली. दादा उठला होता. वहिनीने त्याला काखेत धरलं होतं. त्याने चांगल्या हाताचा पंजा तिच्या कोपराला लावला आणि कोपर बरगडीत दाबून धरलं. तिने पातं टेकवलं. मशीनचा आवाज जड झाला. दादाची रेघ ठिणग्यांमध्ये निघाली आणि हळूहळू मागे सरकू लागली. रेघ जुळली तसं कोपरावरचं बोट दोनदा टकटकलं. यावेळी ती थांबली. ओरखडे दिसत होते, तरी थांबली.

मग मूठ बसली, धार लागली. खांदे नेहमीपेक्षा मुठीच्या बरेच जवळ गेले होते आणि तिथे पातं हवं त्यापेक्षा पातळ झालं होतं. निघायच्या दिवशी लेकीने सुरी हातात घेतली, तोलून बघितली, उजेडात धरली आणि म्हणाली, "बाबा, तुमचं काम कुठेही ओळखू येतं."

दादा हसला. भिंगरी छताकडे बघू लागली. वहिनीच्या पोटात गोष्ट कधी राहिली होती?

"कसलं बाबांचं? एक बाजू ह्यांची होती, तीसुद्धा तुझ्या आत्याने खाल्ली."

लेकीने पातं पुन्हा उलटसुलट केलं. आत्याकडे बघितलं. काही बोलायच्या आत गाडीचा हॉर्न वाजला आणि सगळी धावपळ उडाली.

त्यानंतर भिंगरीच्या जिवाला स्वस्थता मिळाली असं मात्र नाही. खांद्यापाशी पातं पातळ झालंय, हे तिच्या डोक्यातून जाईना. कडक भोपळा कापताना मोडलं तर? पोरीच्या बोटाला लागलं तर? फोन वाजला की तिचा जीव टांगणीला. लेकीचा फोन येई तो भलतंच सांगायला. खोली लहान आहे, मोठा आचारी खेकसतो, थंडी फार आहे. सुरीचं नावच नाही. एक दिवस भिंगरीने वहिनीच्या हातातून फोन हिसकावला.

"अगं, ती सुरी कशी आहे?"

"सुरी?" पलीकडे भांड्यांचा खणखणाट चालला होता. "कापते की."

"कापते म्हणजे? खांद्यापाशी लवते का? डावीकडे ओढते का?"

"आत्या, इथे ऑर्डरी साचल्यात! कापते म्हटलं ना, रोज तीच वापरते. ठेवते."

फोन बंद झाला. भिंगरी तो हातात धरून उभी राहिली. एवढ्यावर समाधान मानायचं की नाही, हे तिला ठरवता येईना. लवते का, याचं उत्तर मिळालंच नव्हतं. तिने अर्धा चहा प्यायला, अर्धा तसाच ठेवला.

"कुठे निघालात आता?" वहिनीने विचारलं.

"मुकादमाला सांगितलंय, सकाळी जमणार नाही म्हणून," असं म्हणत ती शेडकडे वळलीसुद्धा. तिथे दादा डाव्या हाताने वेडीवाकडी रेघ मारत नव्या पात्यावर खांदा आखत बसला होता.