लाँड्रीचा गोलकीपर

आमच्या बेसवरचे किस्से साठतात फार, कारण आत फोन नेता येत नाही. फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा आणि फोटोचं तर नावच काढायचं नाही. संध्याकाळी बाहेर पडेपर्यंत निम्मी गंमत विरून जाते. मागे राहतं ते आपण पाहिलं की स्वप्नात आलं, असं कधी कधी माझं मलाच वाटतं.

मी ठाण्याचा. अमिरातीत अल ऐनच्या पुढे वाळवंटातल्या एका लष्करी बेसवर मेसचा स्टोअरकीपर आहे. युद्ध पलीकडे चाललं होतं, पण सायरन आमच्याकडेही वाजायचा. सगळ्यांच्या सुट्ट्या कॅन्सल, विमानं बंद. माणसं एकमेकांवर खेकसायला लागली, तेव्हा साहेबांनी फुटबॉल लीग काढली. चार टीम सैनिकांच्या, पाचवी आमची: कुक, ड्रायव्हर, लाँड्रीवाले. बॉल माझ्या स्टोअरमध्ये राहायचा, म्हणून मॅनेजर मी.

* * *

गोलकीपर दत्तादादा. लाँड्रीत कामाला, कोल्हापूरचा, वय सेहेचाळीस. मी विचारलं, "पूर्वी खेळलायस का?"

"पेठेच्या टीमकडनं. एकच म्याच."

"एकच का?"

"पेनल्टीला डावीकडं उडी मारली भावा. बॉल उजवीकडनं आत गेला."

गोलच्या मागे त्याचे वडील उभे होते. आबा न बोलता घरी गेले आणि नंतर कधी मैदानावर आले नाहीत. त्याला बावीस वर्षं झाली. आता आबा अंथरुणाला खिळलेत, डॉक्टरांनी आशा सोडलीय, आणि हा इथे अडकलेला.

"जायला तर मिळंना," दत्तादादा टॉवेलची घडी घालत म्हणाला. "निदान एक चांगली बातमी तरी कानावर घालावी त्यांच्या."

मला फार वाईट वाटलं. मी त्याला नवे ग्लोव्हज दिले. मेसचेच होते, भांडी घासायचे.

* * *

आमचे गोलपोस्ट वाळूच्या पोत्यांचे. अलर्ट वाढला की पोती दुसरीकडे लागायची. पहिल्याच मॅचमध्ये मध्येच ट्रक आला आणि डावा पोस्ट भरून घेऊन गेला. रेफ्री म्हणाला, "यल्ला, चलो, समझो इधर पोस्ट है." दत्तादादाने तिथे स्वतःची चप्पल ठेवली. आम्ही एक-शून्यने जिंकलो.

गेटवर आल्या आल्या त्याने घरी फोन लावला. स्पीकर चालू. "आबा, जिंकलो. एक गोल खाल्ला न्हाई."

"फोटो दाव."

"फोटो काढू देत न्हाईत इथं."

"बापालाच शेंडी लावतोस व्हय रं?"

मी फोन घेतला. "आबा, खरंच सांगतोय, मी होतो तिथे."

"तू त्याचाच दोस्त. तू तसंच म्हणणार."

* * *

दुसऱ्या मॅचमध्ये कॉर्नर मिळाला आणि सायरन वाजला. नियम असा की शेल्टर लांब असेल तर आहे तिथे आडवं व्हायचं. दोन्ही टीम वाळूत पाठीवर पडल्या. वर आभाळ पिवळसर झालेलं, कुठे आवाज नाही. एक पांढरी रेघ हळूहळू वर चढली, समोरून दुसरी आली. दोन्ही भेटल्या आणि तिथे कापसासारखा पुंजका उरला. आमचा कुक झोपल्या झोपल्या हळूच म्हणाला, "गोल."

कोणी हसलं नाही. मग सगळेच हसत सुटले. उठल्यावर कॉर्नर कोणाचा होता ते कोणालाच आठवेना. खलास, मॅच बरोबरीत सोडली.

* * *

खलफान म्हणजे गार्डांच्या टीमचा कॅप्टन, इथलाच सार्जंट. बोलायचा अरबी, हिंदी म्हणजे फक्त "अच्छा". साखळीतल्या आमच्या मॅचमध्ये तो गोलसमोर पडला आणि त्याला पेनल्टी मिळाली. दत्तादादाने सवयीने डावीकडे उडी मारली, बॉल उजवीकडून गेला. आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी गार्डांचे कपडे धुवायला लाँड्रीत आले. दत्तादादाने खलफानची शॉर्ट्स न धुता तशीच घडी करून त्याच्यासमोर नेऊन ठेवली. वाळूचा एक कण नव्हता तिच्यावर. पडलेल्या माणसाची शॉर्ट्स!

खलफान बघत राहिला आणि पोट धरून हसला. त्या दिवसापासून तो रोज लाँड्रीत चहाला यायचा. एक अरबी बोलायचा, एक कोल्हापुरी, आणि दोघांचं मस्त चालायचं.

* * *

फायनल याच दोन टीमची. त्या आठवड्यात आबांचं बोलणं तुटक झालं होतं. "ऐकतील का न्हाई कुणास ठाऊक," दत्तादादा म्हणाला.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गोलने पुढे होतो, आणि त्यांना पेनल्टी मिळाली. या वेळी खरीखुरी. मारायला खलफान. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दत्तादादा उजव्या कुशीवर पडलेला आणि बॉल त्याच्या पोटाशी. सगळ्यात आधी त्याला उचलायला धावला तो खलफान.

गेटवर साधा कॉल लावला, स्पीकरवर. दत्तादादा एवढंच बोलू शकला, "आबा, पेनल्टी अडवली."

मी फोनकडे वाकून म्हणालो, "आबा, पेनल्टी मारणारा इथेच आहे, त्यालाच विचारा."

खलफानने दत्तादादाच्या हातातून फोन घेतला आणि अरबीत बोलत सुटला. चार मिनिटं, हातवारे करून, जणू आबा समोरच बसलेत. मग त्याने फोन परत दिला.

आबा खोकले.

"उजवीकडं उडी मारलीस व्हय रं, शेवटी," ते म्हणाले.