स्पीडवेचे ओंकल

कुणाच्याही दाराची बेल वाजवण्याआधी काका डोक्यावरची टोपी काढायचे, काखेत दाबायचे, बेल एकदाच वाजवायचे आणि दोन पावलं मागे येऊन उभे राहायचे. "दाराला चिकटून हुबं ऱ्हायचं न्हाई," ते मला सांगत. "दार उघडणाऱ्याला आपल्याकडं बघाय जागा पायजे." मग आतून पावलांचा आवाज येईपर्यंत स्वतःशीच पुटपुटायचे, "माणसं येत्यात रं. खरं, बोलवाय लागतंय."

कोल्हापुरात 'खरं' म्हणजे 'पण'. हे मला पुण्यात कळलं नव्हतं, जर्मनीत कळलं.

आमची ओळख जिन्यात झाली. स्टुटगार्टपासून तासाभरावरच्या एका छोट्या गावात आम्ही घर घेतलं होतं. रोज गेर्लिंगेनच्या ऑफिसला जायचं, थकून परत यायचं. या भागात 'केअरवोखं' नावाचा प्रकार असतो, म्हणजे इमारतीचा जिना झाडायची आठवड्याची पाळी. माझी पाळी आली आणि मी विसरलो. शनिवारी तळमजल्यावरचे एक सावळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ अस्सल श्वाबियन, म्हणजे इथल्या बोलीतल्या, जर्मनमध्ये मला त्याबद्दल बरंच काही बोलले. मी मान डोलावली आणि जिना चढता चढता मराठीत पुटपुटलो, "म्हाताऱ्याला काही काम नाही वाटतं."

खालून आवाज आला, "हाय की. तुजा जिना झाडायचं!"

मी लाजेनं अर्धमेला होऊन खाली आलो. ते हसत होते. "कुठला?" मी म्हणालो, पुण्याचा. "तरीच," ते म्हणाले आणि झाडू माझ्या हातात दिला.

मी त्यांना काका म्हणू लागलो, पण फक्त घरात. कारण जर्मन लहान मुलांच्या भाषेत 'काका' म्हणजे शी. माझी मुलगी तर पहिल्या दिवशी ते ऐकून सोफ्यावरून खाली पडली. गावात सगळे त्यांना 'ओंकल' म्हणत. अर्थ तोच, फक्त अब्रू राखणारा.

काका पन्नासेक वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीतून फिटर म्हणून इकडे आले. मग इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि राहिले. आल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्याबद्दल ते नेहमी एकच गोष्ट सांगत. "ऐतवार व्हता. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं न्हाई. म्हटलं, ह्या गावात माणसं मेली काय? आन तेवढ्यात लांबनं आवाज आला. मी आवाजामागं चालत गेलो." तो आवाज स्पीडवेचा होता.

स्पीडवे म्हणजे मोटरसायकलची शर्यत, पण आपल्या डोळ्यांसमोर येते तशी नाही. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार जण, चार फेऱ्या, जेमतेम एका मिनिटाचा खेळ. गाडीला ब्रेक नसतोच. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, डावा पाय जमिनीवर टेकवायचा आणि मातीचा फवारा उडवत निघून जायचं. पुढच्या रांगेतले प्रेक्षक घरी जातात ते लाल होऊनच. काका त्या पहिल्या रविवारी लाल होऊन खोलीवर आले आणि त्यांना रडू फुटलं. का, ते त्यांनाही सांगता येत नसे. "माती लागली हुती न्हवं अंगाला," एवढंच म्हणत.

पुढची तीसेक वर्षं गावच्या संघाचा ट्रॅक त्यांनी सांभाळला. ट्रॅक्टरनं माती ओढायची, सपाट करायची, पाणी मारायचं. स्वतः ते कधी शर्यतीच्या गाडीवर बसले नाहीत. मला ते हे सगळं सांगत तेव्हा संघ बंद पडून बरीच वर्षं झाली होती. एकदा त्यांनी मला ती जागा दाखवली. वळणावर बर्चची झाडं माझ्या खांद्याएवढी वाढली होती. स्टँडच्या फळ्यांमधून चिवट गवत आलं होतं. काकांनी खाली वाकून वरचं गवत उपटलं, खालची लाल माती बोटांत घेतली आणि म्हणाले, "जित्ती हाय."

त्याच वर्षी गावाच्या परिषदेत त्या जागेवर पार्किंग करायचा प्रस्ताव आला. काका सभेला गेले. सोबत मीही होतो. ते तयारी करून आले होते, कागद होता हातात, पण कागद वाचलाच नाही. म्हणाले, "मला एक रविवार द्या. एक सामना घेतो. मग ठरवा."

महापौरबाई वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "पण ओंकल, बघायला कोण येणार?"

"येतील," काका म्हणाले.

"स्टँड रिकामा राहिला तर?"

"तर मीच येऊन पहिली झाडं काढून देतो तुम्हाला. पार्किंगसाठी."

रविवार मिळाला. ट्रॅक साफ करायला जुने चार-सहा सदस्य आले. शेजारच्या क्लबांनी रायडर उसने द्यायचं कबूल केलं. प्रश्न प्रेक्षकांचा होता. मी म्हणालो, पोस्टर लावू, ग्रुप करू, मेसेज टाकू. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्नाची पत्रिका नुसती पोस्टानं टाकायला निघालोय. त्यांच्याकडे क्लबच्या जुन्या सभासदांची वही होती. नावं आणि पत्ते. "आल्झो, तर मग," ते म्हणाले, "तू गाडी चालव. मी बोलवतो." डोळ्यांमुळे त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं.

आता तुम्हाला माहीत असेलच, जर्मनीत टेर्मिनशिवाय, म्हणजे आधी वेळ ठरवल्याशिवाय, सख्खा भाऊही दारात जात नाही. आणि आम्ही प्रत्येक शनिवारी आसपासच्या गावांत दारं वाजवत फिरत होतो. एक सावळा म्हातारा, एक सावळा चष्मेवाला. एका बाईंनी आम्हाला धर्मप्रचारक समजून दारातूनच "आम्ही कॅथलिक आहोत" असं सांगितलं. काका म्हणाले, "मग पाप सांगून टाका. शेवटचा सामना कधी पाहिलात?" बाई आधी गोंधळल्या, मग त्यांना ओळख पटली. "ओंकल! तुम्ही अजून आहात?" त्या आत गेल्या आणि बुटांच्या खोक्यातून जुन्या सामन्यांच्या पुस्तिका घेऊन आल्या. त्यात पेन्सिलीनं प्रत्येक शर्यतीचे गुण लिहिलेले. आम्ही तिथून दोन तासांनी निघालो.

एका घरी नव्वदीचे आजोबा होते. बायको गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हते. त्यांना काका म्हणाले, "तुमच्या दोघांच्या जागा मी राखून ठेवतो." आजोबा म्हणाले, "दोन कशाला?" काका म्हणाले, "तिची उशी कुठं ठेवणार मग?" लाकडी फळीवर बसायला इथे लोक घरून उशी आणतात. आजोबा हसले, आणि त्यांच्या सुनेनं तोंडावर हात ठेवून खिडकीकडे पाहिलं.

वही संपत आली. पण एका नावावरून काकांचं बोट दर शनिवारी घसरून पुढे जायचं. मी विचारलं की म्हणायचे, "ते ऱ्हाऊ दे."

शेवटच्या शनिवारी ते एकच नाव उरलं. गाडीत बसल्यावर काकांनी पट्टा लावला, वही मिटून मांडीवर ठेवली. मग सांगितलं. संघाचा सगळ्यात गुणी रायडर, वय एकोणीस. काकांनी त्याला हातात पाना धरायला शिकवलेलं. त्या दिवशी ऊन फार होतं, धूळ उडत होती, म्हणून शेवटच्या शर्यतीआधी काकांनी दुसऱ्या वळणावर जरा जास्त पाणी मारलं. तो नेमका तिथेच घसरला आणि कुंपणावर आदळला. कंबर आणि पाय मोडला. पुन्हा तो गाडीवर बसला नाही. त्याच हिवाळ्यात संघ बंद पडला.

"कुणी मला काय म्हणलं न्हाई," काका म्हणाले. "त्यो तर न्हाईच. खरं, पाणी मी मारलं हुतं."

"मग आज जायचं का?"

"गाडी चालव."

तो आता तिशीतला माणूस होता, सायकलदुरुस्तीचं दुकान चालवत होता. दुकानाच्या मागेच घर. दार त्यानंच उघडलं. एक पाय ताठ होता. काका दोन पावलं मागे उभे होते, टोपी काखेत.

"रविवारी सामना आहे," काका जर्मनमध्ये म्हणाले. "तुला बोलवायला आलो."

"ऐकलं मी," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांकडे जाऊन आलात म्हणे. मी वाट बघत होतो, कधी येता याची."

"मला यायला तोंड नव्हतं. त्या दिवशी पाणी..."

"पाण्यामुळे नाही पडलो मी." त्याचा आवाज चढला. "मी अ‍ॅक्सिलरेटर लवकर पिळला. पुढच्याला गाठायचं होतं मला. हे मी सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरांनासुद्धा. तुम्हालाच सांगायचं राहिलं, कारण तुम्ही आलाच नाहीत. सात आठवडे मी हॉस्पिटलमध्ये होतो, ओंकल. सगळे येऊन गेले. न आवडणारेही आले. रोज दुपारी दार उघडलं की मला वाटायचं, तुम्ही असाल."

काकांचं तोंड उघडलं. पन्नास वर्षांत कमावलेली जर्मन त्या क्षणी त्यांना सोडून गेली. ते कोल्हापुरीतच म्हणाले, "चुकलं लेकरा माजं. लई चुकलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

मी भाषांतर केलं. 'त्यांना वाईट वाटतंय,' असं काहीतरी. इतकं अपुरं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नसेन.

तो ताठ पायानं उंबरा ओलांडून खाली आला. "कॉफी टाकतो," म्हणाला आणि काकांच्या दंडाला धरून त्यांना आत घेऊन गेला. मी गाडीत जाऊन बसलो. त्यांच्या गप्पांत मला जागा नव्हती.

रविवारी दुपारी दोनला सामना होता. पावणेदोनला स्टँडवर आम्ही धरून तेरा माणसं होतो. महापौरबाईंचं दोनदा घड्याळ बघून झालं होतं. काका ट्रॅक्टरवर बसून उगाचच आणखी एक फेरी मारत होते. मी मान वर करून त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो. तेवढ्यात माझी मुलगी ओरडली, "पापा, गुक माल!" बघ ना! शेतातल्या वाटेवर माणसांची रांग होती. मैदानाजवळ गाड्या लावायला जागा नव्हती, म्हणून सगळे चर्चपाशी गाड्या सोडून चालत येत होते. प्रत्येकाच्या काखेत उशी. नव्वदीचे आजोबा सुनेच्या हाताला धरून, दोन उशा घेऊन. पुस्तिकावाल्या बाई पेन्सिल घेऊन. सायकलवाला सगळ्यांच्या मागून, सावकाश.

स्टँड भरला नाही. अर्ध्याहून थोडा जास्त झाला असेल. आमचा संघ सपाटून हरला. उसने रायडर, नवी गाडी, एक जण तर सुरुवातीच्या रेषेवरच बंद पडला. पण शेवटची शर्यत संपेपर्यंत एकही माणूस उठला नाही. महापौरबाईंच्या पांढऱ्या कोटावर डाव्या खांद्यापासून खाली लाल ठिपके होते. त्या ते झटकायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "हे धुऊन जातं का?" काका म्हणाले, "नाही." पार्किंगचा विषय पुढे कधी निघाला नाही, आणि सामने पुन्हा सुरू झाले.

त्यानंतरचे दोन उन्हाळे काकांनी ट्रॅक सांभाळला. मग त्यांच्या बायकोला विसर पडू लागला. आधी चाव्या, मग रस्ते, मग काकांचं नाव. त्यांची मुलगी जर्मनीच्या उत्तरेत राहायची, तिनं दोघांना तिकडे नेलं. निघताना काकांनी आमचा निरोप जिन्यातच घेतला. घरात आले असते तर बसावं लागलं असतं, आणि बसले असते तर उठता आलं नसतं, असं मला वाटलं. "बायकोला माज्याबिगर करमत न्हाई," ते म्हणाले. "तिला मी कोण ते ठावं न्हाई, खरं करमत न्हाई."

सामन्याच्या रविवारी ते मला फोन करत. पाऊस झाला का, वळण कसं आहे, कोण जिंकलं. हळूहळू प्रश्न कमी झाले. गेल्या सप्टेंबरात, हंगामातल्या शेवटच्या सामन्याला, फोन आला तेव्हा शर्यत सुरू व्हायचीच होती. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. चारही गाड्या सुरू झाल्या. मला वाटलं, त्यांना तो आवाज ऐकायचा असेल. मी ओरडून सांगितलं, "काका, फोन ट्रॅककडे धरतो, ऐका!"

"इंजान नगं," ते म्हणाले. "त्ये माज्या कानात हाय. माणसांकडं धर."

मी ट्रॅककडे पाठ केली आणि फोन स्टँडच्या दिशेनं वर धरला. समोर म्हातारी माणसं होती, पोरं होती, उडणाऱ्या मातीपासून तोंड चुकवणाऱ्या बायका होत्या. कुणी शिट्टी वाजवत होतं, कुणी कुणाला तरी नावानं हाका मारत होतं, कुणी नुसतंच "जा! जा! जा!" ओरडत होतं. चार फेऱ्या होईपर्यंत माझा हात भरून आला. कोण जिंकलं ते मी पाहिलंच नाही.

मी फोन परत कानाला लावला.

"लई माणसं हायत रं," काका म्हणाले. "ठेवतो आता."