घुबडापुढे सलूनवाले गप्प

गल्लीत त्यांना सगळे 'रेडिओ' म्हणत. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की सलूनवाल्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू, तो कापड झटकेपर्यंत चालूच. अशा माणसाला वेड लागावं ते पक्ष्यांचं! हिवाळ्यात सुट्टीच्या दुपारी दातांचे डॉक्टर आपली चार-पाच जणांची टोळी घेऊन तलावावर जात, आणि टोळीत सगळ्यांत पुढे हे.

गेल्या खेपेला घोटाळा झाला. चपट्या चोचीची बदकं दिसली मात्र, यांनी "ते बघा, ते बघा" अशी आरोळी ठोकली आणि अख्खा तलाव उडून गेला. जन्मभर लोकांना तोंड उघडायला सांगणारे डॉक्टर त्यांना म्हणाले, "तुम्ही आता मिटा. पुढच्या वेळी एक शब्द जरी काढलात, तर टोळीतून बाहेर."

घरी बायको म्हणाली, "तुम्ही आणि गप्प? त्यापेक्षा बदकांना बोलायला शिकवा, ते सोपं पडेल."

तरी आज सलूनवाले तोंड बंद राहावं म्हणून दाताखाली लवंग धरून आले होते. टोळीतून नाव कापलं गेलं तर हिवाळा कसा काढायचा, हे त्यांना खरंच कळत नव्हतं. समोर पाणी दिसेना इतकी बदकं. काही डोकं बुडवून शेपट्या वर करून उभी, काही आपसात भांडणारी. सलूनवाल्यांची लवंग चावून चावून संपली.

"घुबड काही आज नशिबात नाही," दुर्बिणीतून डोळा न काढता डॉक्टर पुटपुटले. गेले तीन हिवाळे ते घुबडासाठी झुरत होते.

आणि सलूनवाल्यांना ते दिसलं. डॉक्टरांच्या डाव्या कानाच्या वर, शेजारच्या झाडाच्या ढोलीत, पिसं फुलवून ऊन खात बसलेलं. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

बोलावं तर टोळी जाते, हात हलवावेत तर घुबड जातं, गप्प राहावं तर डॉक्टर तसेच घरी जातात. डोकं काही सुचवेना, तेव्हा बोटं पुढे झाली. मागून जाऊन त्यांनी एक हात डॉक्टरांच्या टाळूवर ठेवला, दोन बोटं हनुवटीखाली लावली आणि मान अलगद डावीकडे, वर वळवली. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक ते. मान मुकाट्याने वळली, सवयीने डोळेही मिटले. सलूनवाल्यांनी कानशिलावर टिचकी मारली तेव्हा उघडले.

मग त्यांनी एकेकाच्या मागे जाऊन उरलेल्या माना वळवल्या.

घुबडाने सावकाश एक डोळा उघडला आणि थेट डॉक्टरांकडे बघितलं.

"अरे बाप रे!" डॉक्टर ओरडले.

घुबड गेलं. पाठोपाठ तलावावरची सगळी बदकं फडफडत आभाळात गेली. पंखांचा आवाज विरला तेव्हा टोळी डॉक्टरांकडे बघत होती आणि डॉक्टर, मान तशीच तिरकी ठेवून, रिकाम्या ढोलीकडे.

सलूनवाल्यांनी त्यांच्या खांद्यावरची काडी झटकली आणि ते त्या दुपारचं पहिलं वाक्य बोलले.

"झालं, डॉक्टर. मान सरळ करा आता."