साडूची बिनवजनी काठी

भरीव वस्तूंशी उभा दावा मांडलेला माणूस सबंध रायगड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून यावा, याला नशीब म्हणतात. चौलला सासूबाईंच्या घरामागे, सुपारीच्या वाडीला लागून, त्याची शेड आहे. तिथे तो टायटॅनियमची जाळीदार कामं करतो. बंद पेटीत मैद्यासारखी बारीक धातूची पावडर पसरायची, लेसरने हवी तेवढीच वितळवायची, वर पुन्हा थर, पुन्हा लेसर. असं करत काडीएवढ्या दांड्यांचा, आतून सगळा पोकळ असा भाग उभा राहतो. तो कुणाच्या मोडक्या हाडात बसतो, कुणाच्या ड्रोनमध्ये. हातात घ्यावा तर पापड, वर उभं राहावं तर ढिम्म हलत नाही. मी स्वतः उभं राहून पाहिलंय, आणि माझा देह अलिबागच्या अख्ख्या कोर्टाला ठाऊक आहे.

बरं, हे वेड शेडमध्येच राहावं ना! छे! पानात घावन पडलं की हा ते उचलून उजेडाकडे धरतो आणि जाळी निरखत बसतो. त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, ओरडते, "अहो, थंड होतंय, गिळा!" लाडू दिसला की याचं तोंड कडू. कुणी म्हटलं, अमका गृहस्थ मोठा भरीव आहे, तर याला तो शिवी वाटतो. एकदा माझ्या कायद्याच्या पुस्तकांची फळी वाकलेली पाहून म्हणाला, "ही पुस्तकांनी नाही, स्वतःच्याच वजनाने दमलीय." आणि मी कोर्टातून येईपर्यंत तिच्या जागी पातळ पट्ट्यांची त्रिकोणी जाळी ठोकून मोकळा. वाकत नाही मेली, हे खरं. पण माझा चष्मा, पेन आणि तपकिरीची डबी त्या त्रिकोणांतून रोज खाली पडतात. तक्रार केली तर भाषण ऐकावं लागतं: "मजबूत वेगळं आणि ताठ वेगळं, वकीलसाहेब. सुंभ मजबूत असतो, पण त्याला टेकून उभे राहाल का? चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. छपराला कैची का घालतात?" माझ्या पक्षकारांनी इतकं लांबण लावलं असतं तर मी फी दुप्पट केली असती.

गेल्या वर्षी सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला. पण दवाखान्यातली स्टीलची काठी पाहून त्या म्हणाल्या, "हे लोढणं कोण वागवणार?" मनगटात जोरच नव्हता. त्यांची थोरली बहीण, आमची मावशी, रेवदंड्याला अंथरुणाला खिळलेली. तिच्या घराशी रिक्षा जात नाही. वाडीतून दगडी पायऱ्यांच्या पाखाडीने चालावं लागतं. दोघी बहिणी फोनवर एकमेकींवर ओरडायच्या, आणि फोन ठेवला की सासूबाई डोळ्यांना पदर लावायच्या. मावशी फार दिवसांची सोबतीण नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं.

साडू पेटला. टायटॅनियमची काठी आली, वरपासून खालपर्यंत त्रिकोणच त्रिकोण. मासे घेऊन आलेली कोळीण म्हणाली, "दादा, ही काठी हाय का झारा?" सासूबाई तुळशीपर्यंत गेल्या आणि परतल्या. "अजून जड होतेय," असं साडूने परस्पर ठरवलं आणि दांड्या आणखी बारीक करून दुसरी आणली. सासूबाई पायरीवरूनच परतल्या. तिसरी तर इतकी हलकी, की खाडीच्या वाऱ्याने आपणहून ओटीवरून अंगणात उतरली. सासूबाई मात्र जागच्या उठल्याच नाहीत.

शेवटी त्याच बोलल्या. "जावईबापू, मोडेल म्हणून नाही हो भीत मी. काठी हातात आहे हेच मला कळत नाही. वाऱ्याला धरून चालल्यासारखं वाटतं. थोडी जड करा ना."

निकाल ऐकताना पडलेले चेहरे मी पुष्कळ पाहिलेत, पण असा नाही पाहिला. मला वाटलं, आता त्रिकोणाचं भाषण होणार. पण हा उठला, कोळणीच्या घरून जाळ्याला बांधायच्या शिशाच्या गोळ्या घेऊन आला, आणि सासूबाईंच्या पायाशी बसून काठीच्या बुडाच्या जाळीत त्या एकेक ठासू लागला. ग्रॅम ग्रॅम कमी करण्यात हयात घातलेला माणूस! "आता?" "अजून थोडी." "आता?" सासूबाईंनी काठी जमिनीवर टेकली, जरा आपटली. "हां. आता लागली हाताला."

त्याच रविवारी आम्ही त्यांना रेवदंड्याला नेलं. पाखाडीवर त्या पुढे, आणि मागे दोन्ही हात पसरून साडू, तोल गेलाच तर झेलायला. वळणाशी सासूबाई मागे न बघताच म्हणाल्या, "मागे मागे येऊ नका. मला येतंय." तो जागच्या जागी थांबला. थोड्या वेळाने मावशीच्या घरातून दोन म्हाताऱ्यांचं रडणं आणि एकमेकींना रागे भरणं एकदमच ऐकू आलं. साडू तिथेच वाटेकडेच्या दगडी गडग्यावर बसला आणि सदऱ्याने डोळे पुसू लागला. मी एक झकास टोमणा तयार ठेवला होता. तो गिळला.

मावशी पुढच्या मार्गशीर्षात गेली. तोवर दर आठवड्याला सासूबाई त्या वाटेने जात होत्या, आणि शेवटच्या दुपारीही तिचा हात त्यांच्याच हातात होता. साडू अजून जगाला पोखरतोच आहे, परवा माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, "यातलं निम्मं काढता येईल." चिडवायला मलाही विषय पुष्कळ आहेत. पण त्या काठीवरून मी त्याला कधी बोललो नाही, आणि बोलणारही नाही.