ताईची काही तक्रार नाही

गल्लीनं त्याचं नाव किरकिऱ्या ठेवलं होतं आणि त्यात गल्लीची काही चूक नव्हती. माणूस नळदुरुस्तीचा धंदा करायचा आणि स्वतः तोंडानं दिवसभर गळायचा. समोर सगळे त्याला मिस्त्री म्हणत, कारण कुणाचा नळ कधी दगा देईल याचा नेम नाही. पाठ वळली की किरकिऱ्या. खांद्याला पिशवी, पिशवीत पाने, वायसर, टेपची गुंडाळी, आणि जिभेवर कायम काहीतरी तयार. हा नळ कुठल्या गाढवानं बसवला? या पाइपाला उतार कोण देणार, तुमचे तीर्थरूप? मोरीत एवढं खरकटं ओतता, तर ताटं तरी कशाला बाहेर ठेवता? काम मात्र चोख. त्यानं बसवलेला नळ पुन्हा बोंबलला असं कधी झालं नाही, म्हणून गिऱ्हाइकं खाली मान घालून सगळं ऐकून घेत.

बायको ऐकून ऐकून थकली आणि चार दिवस भावाकडे म्हणून गेली, ती तिकडचीच झाली. "इथं शांत वाटतं," एवढाच निरोप आला. "शांत म्हणे! डोंबलाचं शांत!" असं म्हणून त्यानं त्या दिवशी भेटेल त्याला झापलं.

आता त्याचं ऐकणारं एकच माणूस उरलं होतं, त्याची थोरली बहीण. ताई दोन गल्ल्या सोडून, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, आणि अंगात साखरेचा आजार. हा रोज संध्याकाळी काम आटोपलं की तिच्याकडे चहाला जायचा. ती चहा करायची, हा बोलायचा. तिनं मध्येच "माझा गुडघा रे," असं काही काढलं की हा हात झटकायचा. "तुझं रडगाणं नंतर. आधी ऐक, आज त्या खाटकानं काय केलं." ती ऐकायची. बहीण ऐकते म्हणजे तिला ऐकायला आवडतं, असा या शहाण्याचा हिशेब.

आणि मग निघालं ते समाधान मंडळ.

काढलं शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकेनं. सगळी वस्ती तिला मोठ्या बाई म्हणायची. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत वीस-पंचवीस डोकी गोल करून बसायची आणि सुख म्हणजे काय यावर चर्चा करायची. सुख बाहेर असतं की आत? माणूस सुखी होतो की ठरवतो? विषय वाईट नव्हते, आणि बाई काही भोंदू नव्हत्या. पुस्तकं वाचलेल्या होत्या, चहाचा खर्च स्वतःच्या खिशातून करायच्या. पण त्यांनी एक पद्धत पाडली होती. बैठकीत जो तक्रार करील त्यानं आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून बसायचं, बैठक संपेपर्यंत. "ही शिक्षा नाही," बाई गोड आवाजात म्हणत. "तक्रार भिंतीला सांगा आणि हलके होऊन परत या." शिक्षा नाही म्हणे! चांगल्या साठीच्या माणसांना कोपऱ्यात बसवायचं आणि वर त्याला तत्त्वज्ञान म्हणायचं.

पहिल्या रविवारी ताईनं भावाला ओढून नेलं. बाईंनी हसून विचारलं, "मिस्त्री, तुमच्या मते सुख कशात आहे?"

"सुखाचं मला काय ठाऊक? माझं पोट तक्रारीवर चालतं. लोक ओरडले नाहीत तर मी खाणार काय? आणि आधी या खोलीचा पंखा बघा, कुरकुरतोय केव्हाचा. आणि ही खुर्ची, हिचा एक पाय..."

"झालं," बाई म्हणाल्या. "मिस्त्री, खुर्ची भिंतीकडे."

सगळे हसले. वाईट म्हणजे, ताईही हसली. किरकिऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी काय दुसरीतला पोरगा आहे?" असं गरजून तो उठला. "चल गं ताई."

"तू जा," ताई म्हणाली. "मला ऐकायचंय."

एवढं काय घडलं होतं? काही नाही. पण राग त्याच्या नाकावरच बसलेला असायचा, त्याला निमित्त पुरे. त्या संध्याकाळी तो चहाला गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बोलवेल तेव्हा जाऊ म्हणत बसला, आणि ती बोलवत नव्हती. भावाला बोलावणं ही सुद्धा तक्रारच की, एकटं वाटतं अशी.

इकडे मंडळ फोफावलं आणि धंद्यावर संक्रांत आली. लोक नळाबद्दल ओरडेनासे झाले. रस्त्यात एका जुन्या गिऱ्हाइकाला यानं हटकलं, "काय हो, तुमचा बाथरूमचा नळ गळत होता ना?" तो माणूस शांतपणे म्हणाला, "गळतो की. पण आम्ही आता त्या आवाजाकडे वेगळ्या नजरेनं बघतो." किरकिऱ्या भर रस्त्यात कपाळाला हात लावून उभा राहिला. वस्तीभर बादल्या लागल्या होत्या आणि माणसं एकमेकांना "सगळं छान!" म्हणत फिरत होती.

मंडळात नसलेला एक शिंपी ताईच्या खालच्या मजल्यावर राहायचा. तो एके दिवशी तणतणत आला. "मिस्त्री, तुमच्या बहिणीच्या मोरीतलं पाणी माझ्या शिवायच्या कापडावर पडतंय. आत्ताच्या आत्ता चला."

किरकिऱ्या पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेला. इतक्या आठवड्यांनी बहीण-भाऊ समोरासमोर आले. ताई दार उघडून पुन्हा खाटेवर जाऊन बसली. पायात लोकरीचे मोजे होते आणि बाहेर उकाडा मरणाचा.

"मोजे काय घातलेस? थंडी वाजते?"

"बरं वाटतं."

"बरं वाटतं म्हणे." तो मोरीत शिरला. नळ चांगलाच गळत होता, खाली बादली, बादली भरून वाहत होती, आणि पाणी पाइपाच्या भोकातून सरळ शिंप्याच्या डोक्यावर. तो वायसर बदलायला बसला आणि तोंडाचा नळ सोडला. एवढा गळेपर्यंत गप्प बसलीस? सख्खा भाऊ दोन गल्ल्यांवर, तोही नळवाला! त्या बाईनं तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात भुसा भरलाय. लोक हसतात मला, म्हणतात, मिस्त्रीच्या घरचाच नळ...

"अरे, माझ्या पायाला थोडं..." ताई खाटेवरून म्हणाली.

"पायाबियाचं नंतर! आधी मला सांग, का नाही बोलावलंस?"

ताई मंडळात बोलतात तशा आवाजात म्हणाली, "काही नाही. सगळं छान आहे."

"बस मग छान!" त्यानं नळ आवळला, पिशवी उचलली आणि दार आपटून गेला.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी शिंपीच धावत आला. ताई जिन्यात कोसळली होती, अंग तव्यासारखं तापलेलं. शिंप्यानं आणि त्याच्या बायकोनं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. किरकिऱ्या पोचला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मोजा कात्रीनं कापून काढला होता. नवी चप्पल चावली होती, बस, एवढंच निमित्त. एवढ्याशा फोडाचं साखरेच्या अंगात काय होतं ते त्याला त्या पायावर दिसलं. दोन बोटं काळी ठिक्कर आणि पाऊल घोट्यापर्यंत सुजलेलं.

"बोटं जाणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाऊल वाचतंय का ते बघायचंय, आणि उद्या सकाळी ठरवायचं आहे. पण या काही सांगतच नाहीत. मी दाबते, विचारते, इथं दुखतं का? म्हणतात, काही त्रास नाही. अहो, जिथं दुखतंय तिथं अजून जीव आहे! पाय कुठपर्यंत जिवंत आहे हे मला यांच्या तोंडून कळलं तर मदत होईल. तुम्ही भाऊ ना? बोलतं करा यांना."

ताई डोळे मिटून पडली होती. "मला काही तक्रार नाही," ती म्हणाली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि हिनं तो स्वतःच्या हातानं खाल्ला होता. किरकिऱ्याच्या डोक्यात तिडीक गेली. रविवार होता. तो तडक वाचनालयाचा जिना चढला आणि भर बैठकीत घुसला.

"या, बघा सुखी माणसं!" तो ओरडला. "माझी बहीण तिकडे पाय कापून घ्यायला पडलीय! तिचा पाय सडला आणि तुम्ही इथं गोल करून बसलात? भिंतीकडे तोंड करायला लावता काय? तुमची तोंडं..." पुढे तो जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एक-दोघांनी माना खाली घातल्या. मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला, पण बाई शाळा चालवलेली होती, मागे हटणारी नव्हती.

"एकदाच," बाई म्हणाल्या. "एकदा तुमच्या ताई गुडघ्याबद्दल बोलल्या आणि मी त्यांना भिंतीकडे बसवलं. ती माझी चूक. जन्मभर बोचेल मला. पण मिस्त्री, मी दर रविवारी त्यांना जिन्यातून हात धरून उतरवत होते. पायाला काय झालं म्हणून विचारलं, त्या छान आहे म्हणाल्या. मी परकी. तुम्ही सख्खे भाऊ, दोन गल्ल्यांवर राहता. तुम्ही विचारलंत?"

"मी नळ दुरुस्त केला तिचा!"

हे उत्तर तोंडातून बाहेर पडलं आणि त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. तो वळला. जिन्यात त्याला त्या बाईचा भयंकर संताप आला होता, आणि बाईचा एकही शब्द खोटा नव्हता याचा संताप त्याहून जास्त.

दवाखान्यात ताई तशीच पडली होती. त्यानं स्टूल ओढलं आणि खाटेला चिकटून बसला. या माणसानं कधी कुणाला विनवलं नव्हतं, त्याला ते जमतही नव्हतं.

"ताई, बोल गं. कुठं दुखतंय ते सांग. तुझा पाय जाईल."

"छान आहे सगळं."

"छान नाही! काही छान नाही! रड, ओरड, शिव्या घाल. मंडळ गेलं खड्ड्यात. तक्रार कर ताई, तुझ्या पाया पडतो."

ताईनं डोळे उघडले.

"कुणाकडे करू?" ती म्हणाली.

"माझ्याकडे कर की! मी आहे ना!"

"तुझ्याकडे." तिचा आवाज एकदम चढला. तापानं चढला की कशानं, कोण जाणे. "आईच्या आजारपणात मी झिजले तेव्हा तुझं पालुपद, माझ्या धंद्याचं बघ. माझा नवरा गेला, तिसऱ्या दिवशी तू येऊन मला नगरपालिकेच्या पाइपलाइनचं रडगाणं ऐकवलंस. रोज संध्याकाळी चहा ढोसायचास आणि ओकून जायचास. माझ्या तोंडाला किती वर्षं कुलूप होतं, माहीत आहे? त्या बाईंनी मला भिंतीकडे बसवलं ना, तर खरं सांगू? बरं वाटलं मला. भिंत निदान मध्ये बोलत तरी नव्हती. मंडळात काय शिकवलंय मला? गप्प बसायला मी तुझ्याकडेच शिकले. बाईंनी फक्त त्याला चांगलं नाव दिलं."

"अगं, पण ताई, मी काय म्हणतो..."

"बघ! झालं सुरू!"

पलीकडच्या खाटेवरची बाई कूस बदलून उठून बसली. आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आत आल्या, चादर बाजूला केली आणि पावलाच्या मधोमध अंगठ्यानं दाबलं.

"इथं दुखतंय का, आजी?"

"दुखतंय!" ताई किंचाळली. "आई गं, मरणाचं दुखतंय!"

"आणि इथं?"

"तिथंही. तिथंही दुखतंय, हो!"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. त्यांनी पेनानं बोटांच्या जरा वर एक रेघ ओढली, कापायचं ते इथपर्यंतच. किरकिऱ्याचे डोळे भरून आले. त्यानं बहिणीचा हात धरायला हात पुढे केला.

"छान, आजी, असंच बोलत राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी कसला त्रास होतोय?"

"हा," ताई म्हणाली आणि आपला हात काढून घेतला. "याला बाहेर न्या."

तो उठला. जन्मात पहिल्यांदा काही न बोलता उठला, स्टूल जागेवर ठेवलं आणि बाहेर जाऊन बाकावर बसला. आत ताई डॉक्टरीणबाईंना सगळं सांगत होती, अगदी गुडघ्यापासून, आणि दार उघडं असल्यामुळे त्याला एकेक शब्द ऐकू येत होता.