जोडून गायलेलं गाणं

मोहोपाड्याच्या कॉलनीत माझ्या शेजारी राहणारे गृहस्थ घरीच जुनी गाणी रेकॉर्ड करतात. पंखा बंद, खिडकी बंद, आणि घामाघूम होऊन एकच ओळ. मग धाप लागते म्हणून थांबतात. छातीच्या दुखण्यामुळे त्यांना आता सलग गाता येत नाही. सगळ्या ओळी ते कॉम्प्युटरवर जोडतात, मधली धाप आणि खोकला कापून टाकतात, आणि गाणं कॉलनीच्या ग्रुपवर पाठवतात.

एकदा त्यांनी मला हेडफोन दिला. "मास्तर, सांधा कुठं कळतोय का बगा."

"नाही हो. एका दमात गायल्यासारखं वाटतंय."

ते चक्क लाजले.

ती गाणी ऐकूनच यंदा गणपतीत लोकांनी त्यांना आग्रहाने स्टेजवर चढवलं. पहिली ओळ सुरेख लागली, टाळ्या पडल्या. दुसरी अर्ध्यावरच तुटली. माइक तोंडाशी धरून ते धापा टाकत राहिले आणि सगळा मांडव ते ऐकत राहिला.

शेवटी हसून म्हणाले, "पुढचं घरी हाय. ऐकायला या."

लोकही हसले. त्यांची बायको मात्र उठून स्टेजवर गेली आणि तिने हळूच माइक बंद केला.